स्वारगेट ते कर्वेनगर, पायी

फलटण,
१८ नोव्हेंबर

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू जे बोललीस त्याचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. तू चिडलेली होतीस, मागे पिल्लूचे पाढे चालू होते. शिवाय फोनवर तू बोलायचं आणि मी ‘हं’ म्हणायचं, ही आपली जुनी वाटणी आहे. म्हणून लिहायला बसले.

तुझी तक्रार एवढीच की आई स्वारगेटला उतरली आणि हातात पिशवी घेऊन कर्वेनगरपर्यंत चालत आली. वय अडुसष्ट. रिक्षा केली नाही, तुला फोन केला नाही. जिन्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘कशा आलात?’ मी म्हटलं, ‘चालत.’ तुझा चेहरा तिथेच उतरला होता. फोनवर मग आलंच तोंडातून, ‘लोक काय म्हणतील? रिक्षापुरते पैसे देत नाही का मी तुला?’

पैशांचं आधी उरकते. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पुण्याच्या प्रवासात माझे उलट पैसे वाचतात. कारण साधं होतं. तीन तास सीटवर बसून गुडघे आखडले होते, सकाळचे पावणेनऊ वाजले होते, हवेत गारवा होता आणि मला चालावंसं वाटलं. बाईला नुसतं ‘वाटलं’ हे कारण पुरत नाही, हे वाटेत कळत गेलं.

सारसबागेवरून दांडेकर पूल, तिथून म्हात्रे पूल, मग नदीकाठचा तो मंगल कार्यालयांचा डीपी रस्ता. सहा-एक किलोमीटर असेल. स्वारगेटलाच तीन रिक्षावाले मागे लागले. तिसरा तर पन्नास पावलं माझ्या बरोबरीने रिक्षा हाकत आला, ‘आजी बसा हो, मीटरनेच घेतो.’ पुण्यात आपणहून मीटरने घेतो म्हणणारा रिक्षावाला मी हातचा घालवला, याबद्दल तू चिडलीस तर मला मान्य आहे. दांडेकर पुलाच्या चौकात चार वेळा पाऊल पुढे टाकलं आणि चार वेळा मागे घेतलं. चालणाऱ्याचा हिरवा दिवा लागला तरी वळणारी वाहनं काही थांबत नाहीत. शेवटी एका भाजीवालीने माझं मनगट धरलं, दुसरा हात वाहनांना दाखवला आणि रस्ता बापाचा असल्यासारखी मला पलीकडे घेऊन गेली. म्हात्रे पुलावर एका मुलाने पदपथावर दुचाकी घातली आणि मी त्याच्या वाटेत आले म्हणून मागून हॉर्न वाजवला.

पण सांगायचंय ते पुढचं. डीपी रस्त्यावर एका कार्यालयाच्या रखवालदाराने हटकलं. ‘आजी, कुठलं कार्यालय शोधताय?’ म्हटलं, ‘कुठलंच नाही.’ ‘मग रस्ता चुकलात?’ ‘नाही.’ ‘मग?’ त्या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माणूस भला होता, खुर्ची दिली, पाणी दिलं. मी बसले होते तेवढ्यात समोरून तीन बायका गेल्या, माझ्याच वयाच्या. पायात पांढरे बूट, कानात काहीतरी खोचलेलं, हात जोरात हलवत. त्यांना त्याने हटकलं नाही, उलट ओळखीचं हसला. रस्ता तोच, वेळ तीच, वयही तेच. त्यांच्या हातात पिशवी नव्हती, एवढाच फरक.

मराठीत याला दोन वेगळे शब्दच आहेत. त्या बायका ‘फिरायला’ निघाल्या होत्या आणि मी ‘चालत’ आले होते. फिरायला जाणं हे पोट भरलेल्याचं काम: टेकडी, शतपावली, डॉक्टरांनी सांगितलंय वगैरे. चालत जाणं म्हणजे वाहन नसणं. त्याची मग पायपीट होते, तंगडतोड होते, कचेरीत हेलपाटे घातले तर वहाणा झिजतात. इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण हा फरक त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसल्यावर नीट लक्षात आला. घरी आल्यापासून तोच विषय डोक्यात घोळतोय, आणि ऐकायला तूच आहेस. तुझ्या बाबांना सांगायला गेले तर ते म्हणाले, ‘पण रिक्षा का नाही केलीस?’

माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, दर आठवड्याला दहिवडीच्या बाजाराला चालत जायची. गावापासून दोन कोस. पहाटे निघायची, उन्हं चढायच्या आत बाजारात. डोक्यावर पाटी, पाटीत अंडी, तूप, पावसाळ्यात भाजीची जुडी. पाटीखाली चुंबळ. तुला चुंबळ माहीत असेल, पण वळताना पाहिली नसशील. जुन्या लुगड्याची पट्टी घ्यायची, चार बोटांभोवती गुंडाळायची, शेवटचं टोक आतून ओढून घट्ट खोचायचं. डोक्याच्या बरोबर मध्ये नाही, किंचित पुढे ठेवायची. मग दोन्ही हात मोकळे. आजीची मान एरवी खाली असायची. घरात तर असायचीच. डोक्यावर ओझं आलं की मात्र ती ताठ व्हायची, व्हावीच लागायची. बाजाराच्या वाटेवरची आजी आणि घरातली आजी या मला दोन वेगळ्या बायका वाटायच्या.

तिच्याकडे वहाणांचा एक जोड होता. गावच्या चांभाराने केलेला, बलुत्यात. नवा जोड आला की आठ दिवस त्याला तेल पाजायचं काम माझ्याकडे. अंगठ्याच्या वादीला आणि टाचेच्या कडेला जास्त, कारण वहाण चावते ती तिथेच. एवढं करून आजी त्या घालायची कधी? गावातून निघताना वहाणा पाटीत. दोन कोस अनवाणी. दहिवडी दिसायला लागली की ओढ्यावर थांबायची, पाय घासून धुवायची, पदराने पुसायची आणि मग वहाणा घालून बाजारात शिरायची. येताना उलट. मी विचारलं तर म्हणायची, ‘पाय झिजत न्हाई, वहाण झिजती.’ पाय झिजत नव्हते असं नाही. टाचेला एवढाल्या भेगा. रात्री मेण आणि तेल कढवून त्यात भरायची. तळव्याला कुरूप झालं की बिब्ब्याचा चटका. बाभळीचा काटा तर आम्ही पोरंसुद्धा न रडता काढायचो.

मुंबईत पायधुणी आहे बघ. एकेकाळी तिथे खाडीचं पाणी होतं, ते ओलांडून येणारे तिथे पाय धुवायचे, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. १८७४ च्या मे महिन्यात मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली ती याच पायधुणीपर्यंत. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आजीचा ओढा आठवला. गावात शिरायचं तर धुतलेल्या पायांनी. चालणारा माणूस सगळ्यांना दिसतो, आणि त्याचे पाय आधी दिसतात.

वहाणांची दुसरी गोष्ट जरा कठीण आहे. आपल्या गावात वेशीतून आत आलं की चावडी, आणि चावडीपुढून आपली आळी. महारवाड्यातली माणसं तिथून जायची तेव्हा वहाणा काढून हातात घ्यायची. आजीने हे मला अगदी सहज सांगितलं. कुठल्या झाडाला आंबे लवकर येतात हे सांगावं तसं. मी तेव्हा नववीत असेन. विचारलं, ‘काढायला कोण सांगायचं?’ ती म्हणाली, ‘सांगायला कशाला लागतंय?’ त्या माणसांना लाज नसेल का वाटत, राग नसेल का येत, असं मी विचारलं तर म्हणाली, ‘मी पण काढायचीच की. चावडीपुढनं जाताना.’ ती बाईमाणूस म्हणून, ते महार म्हणून. दोन्ही गोष्टी तिने एका तराजूत घातल्या आणि विषय संपवला. त्या एकाच तराजूत बसत नाहीत हे तिला मी कधी सांगू शकले नाही. आजीने वहाणा काढल्या नसत्या तर सासऱ्याने बोल लावले असते. त्यांच्यापैकी कुणी काढल्या नसत्या तर मार पडला असता. आणि ती आळी आपली होती, सोनू. हेही तुला ठाऊक असावं.

बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि कधीच न झालेल्या भाषणात पेशवाईतल्या पुण्याचं वर्णन आहे. अस्पृश्याने कमरेला झाडू बांधायचा, आपल्याच पावलांचे ठसे मागे पुसले जावेत म्हणून. गळ्यात मडकं, थुंकी रस्त्यावर पडू नये म्हणून. मी ज्या शहरातून चालत आले त्याच शहराचा हा रस्ता. वर्गात मी दरवर्षी महाड शिकवायचे तेव्हा मुलं पाण्याबद्दल बोलायची. मी त्यांना म्हणायचे, आधी चालण्याकडे बघा. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं असल्याचा ठराव नंतर केला होता. म्हणजे कागदावर सगळं होतं. २० मार्च १९२७ ला माणसं परिषदेच्या मंडपातून उठली आणि गावातल्या रस्त्याने चालत तळ्यापर्यंत गेली, ही नवी गोष्ट होती. पाणी पिणं घोटभर. चालणं सगळ्या गावादेखत. त्यानंतर त्यांना मारहाण झाली ती त्या देखत चालण्याचीसुद्धा होती, असं माझं मत आहे.

सावित्रीबाईंचं तुला सांगायला नको, तुला ते मीच शिकवलंय. शेण, चिखल, पिशवीतलं दुसरं लुगडं. फक्त एक बघ. गंज पेठेतून बुधवारातल्या भिडेवाड्याच्या जागेपर्यंत आजही पायी वीस मिनिटं लागतात. १८४८ साली त्या शाळेत शिकवायला लागल्या तेव्हा जो काही छळ झाला तो एवढ्याशा रस्त्यावर मावला. आणि तिकडे आनंदीबाई जोशी. अमेरिकेला निघण्याआधी, १८८३ साली, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. त्यात मुंबईचे दिवस सांगितलेत: पुस्तकं घेऊन शाळेत जाताना लोक खिडक्यांतून डोकी काढून बघायचे, पायांतल्या बूट-मोज्यांवरून टोमणे मारायचे. सतरा-अठरा वर्षांच्या मुलीने डॉक्टर होण्याची कारणं सांगताना हेही सांगितलं. रस्ता तिच्या किती जिव्हारी लागला असेल!

आता तुला वाटेल, आई सगळं रडगाणंच लावते. तसं नाही. एक वाट अशी होती जिथे आजीला ‘कुठे निघालीस’ असं कुणी विचारत नव्हतं. आषाढात ज्ञानोबांची पालखी फलटणला यायची, तेव्हा ती गावातल्या चार बायकांबरोबर इथे येऊन दिंडीत मिसळायची. बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, मग पंढरपूर. आठ दिवस! डोक्यावर पाटीऐवजी तुळस. ती परत आली की पहिले दोन दिवस तिच्या आवाजाला वेगळी धार असायची, आजोबांनाही उलट उत्तरं द्यायची. तिच्या भक्तीबद्दल मला शंका नाही. पण सून, सासू, बायको यांतलं काहीच न होता आठ दिवस चालायला मिळणं, ही त्यातली मोठी कमाई होती, असं मला आता वाटतं. आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली ती आपल्या साताऱ्याकडच्या आरफळच्या हैबतबाबांनी, एकोणिसाव्या शतकात. चालायचं किती, विसावा कुठे, मुक्काम कुठे, सगळं ठरलेलं. बायकांना घराबाहेर सोडणाऱ्यांना ती शिस्त सोयीची पडली असणार. कुठे जाणार, कधी येणार, आधीच माहीत.

गंमत बघ, माझी एसटी परवा त्याच रस्त्याने उलटी आली. फलटण, तरडगाव, लोणंद, वाल्हे, जेजुरी, सासवड, दिवे घाट. पालखीला ज्याला आठवडा जातो ते तीन तासांत. लोणंदच्या अलीकडे रस्ताभर मेंढरं आली. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे कोकणाकडे निघतात ते तुला आठवत असेल. घोड्यावर बिऱ्हाड, त्यावर एक कोंबडी आणि एक पोर. मागे बाई चालत, डोक्यावर हंडा. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. त्या बाईने मागे वळूनही पाहिलं नाही. ती आता पुढचा पावसाळा येईपर्यंत चालत राहणार, शेतात मेंढरं बसवत, त्याचं धान्य घेत. आमच्या बसमधला एकजण म्हणाला, ‘यांना काय, वेळच वेळ.’ मला उत्तर सुचलं ते जेजुरीला.

माझं चालणं दहिवडीच्या हायस्कूलचं. आम्ही चार मुली होतो. जाऊन-येऊन चार कोस, म्हणजे तुमचे बारा-तेरा किलोमीटर. पहिल्या चपला मला आठवीत मिळाल्या, टायरच्या. त्या वाटेवर आम्ही जेवढं बोललो तेवढं पुढे आयुष्यात कुणाशी बोलले नाही. नववीत एकीचं लग्न झालं. मग दुसरीच्या घरच्यांनी ठरवलं की तिघीच कशा जाणार. मग दोघी. दोघींतली दुसरी आजारी पडली आणि महिनाभर आली नाही, तेव्हा माझ्या वडिलांनी मला सांगितलं की उद्यापासून राहू दे. चौघींपैकी कुणीच अभ्यासात मागे नव्हती. सोबत सुटली, एवढंच झालं. माझा मामा दहिवडीला होता, त्याने मला ठेवून घेतलं म्हणून मी मॅट्रिक झाले. बाकीच्या तिघींना मामा नव्हता.

१९७२ च्या दुष्काळात आपल्या माणदेशात काय झालं ते तू बाबांकडून ऐकलंयस. मी सुट्टीत गावी गेले ती आईबरोबर खडी फोडायला. कामावर सुकडी मिळायची, ती गोड आणि कोरडी चव अजून जिभेवर आहे. आम्ही जो रस्ता केला तो नेमका गावापासून दहिवडीचा. चार मुलींची जुनी पायवाट त्या खडीखाली गेली. चार वर्षांनी त्याच रस्त्यावर एसटी आली. एसटी सुरू झाली होती १ जून १९४८ ला, पुणे-नगर. आमच्यापर्यंत यायला तिला अठ्ठावीस वर्षं लागली. पहिल्या दिवशी गाडीला हार घातला, नारळ फोडला. आजीने त्या गाडीने बाजारला जायला साफ नकार दिला. म्हणाली, ‘बसून बसून अंडी फुटत्यात.’ पुढे दोन वर्षांनी तीही बसायला लागली. मग मात्र तिचे पाय दुखायला लागले, आणि ते दुखणं शेवटपर्यंत गेलं नाही.

आता जे लिहायचं टाळत इथपर्यंत आले ते लिहिते.

तू आठवीत गेलीस तेव्हा आम्ही तुला सायकल घेतली. लाल. तू महिनाभर तिला रोज पुसायचीस. शाळा घरापासून चालत पंधरा मिनिटांवर होती, आणि तुला मैत्रिणींबरोबर चालत जायला आवडायचं. मी तुला सांगितलं की सायकलने वेळ वाचेल, अभ्यासाला मिळेल. ते खरं नव्हतं. त्या वर्षी चौकातल्या टपरीवर पोरं उभी राहायला लागली होती. पंधरा मिनिटं चालणारी मुलगी त्यांना पंधरा मिनिटं दिसते, सायकलवरची मिनिटभर. असा हिशोब मी केला होता. माझ्या वडिलांनी ‘उद्यापासून राहू दे’ म्हटलं, मी सायकल घेऊन दिली. माझं वागणं त्यांच्यापेक्षा बरं होतं असं मला तेव्हा वाटलं होतं, थोडंफार अजूनही वाटतं. पण टपरीवाल्याला जाऊन दोन शब्द सुनवायला मी शिक्षिका असून गेले नाही. रस्त्यावरून तुलाच उचललं.

आणि तू आता पिल्लूला चार इमारती पलीकडच्या चित्रकलेच्या वर्गाला गाडीने सोडतेस. मी त्याबद्दल बोलले की म्हणतेस, ‘आई, रस्ता बघितलास का?’ बघितलाय. पायांनी बघितलाय. पदपथ दर वीस पावलांवर खाली उतरतो आणि परत चढतो, मध्ये विजेची पेटी, मध्ये पार्किंग. पुणे महापालिका २०२१ पासून ११ डिसेंबरला पादचारी दिन करते, लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद ठेवते. चालणाऱ्याला वर्षातून एक दिवस! बैलालाही पोळा एकच असतो म्हणा.

चालण्याचं वजन लोकांना कळतं कधी, तर खूप माणसं एकदम चालायला लागली की. मार्च २०१८ मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईला चालत गेले, १८० किलोमीटर. शेवटचा टप्पा त्यांनी रात्रीत काढला, सकाळी दहावीची परीक्षा होती आणि मुलांना त्रास व्हायला नको म्हणून. पायांचे फोटो सगळ्या पेपरांत आले होते. मुंबईच्या लोकांनी चपला आणून दिल्या. मी तेव्हा परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून जात होते आणि ते फोटो बघून मला एकदम आजीच्या टाचा आठवल्या. दोन वर्षांनी, ८ मे २०२० ला पहाटे, करमाडजवळ रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून चालत निघाले होते. त्याबद्दल जास्त लिहवत नाही.

तुझ्या दारात येऊन पोहोचले तेव्हा मला काय वाटलं ते ऐक. तू राहतेस ते कर्वेनगर म्हणजे जुनं हिंगणं. १९०० साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवा मुलींचा आश्रम इथे हलवला तेव्हा हा माळ होता, पुण्यापासून चार मैल. ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि शिकवून झालं की चालत इथे यायचे. पावसाळ्यात चिखलातून. आश्रमाला लागणारं सामानही पुष्कळदा स्वतः घेऊन. चालण्याची त्यांना सवय लहानपणापासूनची. सतरा वर्षांचे असताना परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून साताऱ्याला पायी आले होते, सह्याद्री चढून, शंभराहून जास्त मैल. तिथे त्यांना सांगण्यात आलं की तू वयाने लहान दिसतोस, परीक्षेला बसता येणार नाही. आले तसे परत. मग १८९३ साली विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने वाळीत टाकलं. असा हा प्राध्यापक हातात सामान घेऊन रोज याच बाजूने चालत यायचा. त्यांनाही कुणी रखवालदाराने हटकलं असेल का, हे माझ्या मनात चहा पिताना घोळत होतं, तेवढ्यात तू म्हणालीस, ‘लिफ्ट तरी वापरलीस ना?’

तर आता तुला शब्द देते. पुढच्या वेळी येताना स्वारगेटहून फोन करीन. दांडेकर पुलाचा चौक मी एकटी ओलांडणार नाही, त्या भाजीवालीची वेळ साधीन. अंधार पडल्यावर चालणार नाही. पण दिवसाउजेडी, गुडघे म्हणतील तेव्हा, मी पायीच येणार. काकूंनी विचारलं तर तू खुशाल सांग, ‘आईला हौस आहे.’ ‘फिरायला गेली होती’ असंही सांग हवं तर, तेवढं खोटं मी चालवून घेईन.

नाताळच्या सुट्टीत येते आहे. कर्व्यांची जुनी झोपडी अजून त्यांच्या संस्थेच्या आवारात जपून ठेवलेली आहे, तुझ्या इमारतीपासून पायी फार तर वीस मिनिटं. पिल्लूला मी चालत घेऊन जाणार आहे, येताना उसाचा रस. तू यायचं असेल तर ये, गाडी मात्र खाली राहू दे.

बाबांचे आशीर्वाद. त्यांचा रक्तदाब बरा आहे का हे विचारू नकोस, ते मला कळवत नाहीत.

तुझी,
आई

ता.क. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा तुझ्याकडे येईपर्यंत टिकला आणि जिन्यात तुटला, ते तुला सांगितलं नव्हतं. जोड तुझ्या बाल्कनीत कुंडीमागे ठेवलाय. टाकू नकोस. राजाराम पुलाच्या कोपऱ्यावर चांभार बसतो, त्याच्याकडे दे. शिवण दुहेरी घालायला सांग.